नायट्रो गाडीचं इंजिन तापतंय? नीडलला हात लावायच्या आधी एवढं तपासा

माझी पहिली नायट्रो बग्गी, म्हणजे नायट्रो फ्युएलवर पळणारी रिमोट कंट्रोलची छोटी गाडी, सेकंडहँड होती. १/८ स्केल, .२१ क्युबिक इंचाचं इंजिन, म्हणजे साडेतीन सीसीच्या आसपास. विकणारा म्हणाला, "एकदम मख्खन चालते." चालायची पण, पहिली अर्धी टाकी. मग सरळ पट्ट्यात जोर धरता धरता एकदम मरगळायची, धूर गायब व्हायचा आणि इंजिन बंद. हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, चुकून बोट लागलं त्याचा डाग अजून आहे. यावर मी काय केलं, तर सगळे नवखे करतात तेच: नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरवरचा फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू, फिरवत बसलो. थोडी रिच (फ्युएल जास्त), थोडी लीन (फ्युएल कमी), परत रिच. चार महिने, पाच ग्लो प्लग (फ्युएल पेटवणारे प्लग), आणि दर रविवारी घरून "त्या डबड्यावर अजून किती पैसे घालणार आहेस?" शेवटी दोष सापडला तो बाथरूममधल्या बादलीत. ती गोष्ट पायरी ४ मध्ये येईल.

इलेक्ट्रिक गाडी सोडून नायट्रोकडे वळलेल्या किंवा माझ्यासारखी जुनी गाडी गळ्यात पडलेल्या माणसासाठी हे लिहितोय. पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावलाय: आधी फुकटात तपासता येतं ते, मग हवा कुठून घुसते ते, आणि नीडल सगळ्यात शेवटी.

हे इंजिन थंड कशाने राहतं?

या इंजिनात रेडिएटर नाही, वेगळं इंजिन ऑइल नाही. फ्युएलमध्ये मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल एकत्र असतं. मिथेनॉलची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, तेल पिस्टनला वंगण देतं, आणि उरलेलं काम हेडच्या फिनमधून (पात्यांमधून) जाणारा वारा करतो. त्यामुळे फ्युएल कमी पडलं, म्हणजे मिश्रण लीन झालं, की गारवाही कमी आणि वंगणही कमी. वर ग्लो प्लगला स्पार्क नसतो. प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संपर्काने आणि मागच्या स्फोटाच्या उष्णतेने लाल राहते. इंजिन तापलं की तार जास्त तापते, फ्युएल वेळेआधी पेटतं, आणि इंजिन आणखी तापतं. हे चक्र एकदा सुरू झालं की अर्ध्या मिनिटात खेळ संपतो.

हाताशी काय हवं

- इन्फ्रारेड टेम्परेचर गन. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळते. कोविडच्या काळात कपाळावर धरायचो ती गन चालत नाही, ती माणसाच्या तापापुरतीच मोजते. औद्योगिक वापराची घ्या.
- दोन-तीन नवे ग्लो प्लग, प्लगचा पाना आणि चार्ज केलेला इग्नायटर (सुरू करताना प्लगची तार तापवणारा)
- सिलिकॉनची फ्युएल ट्यूब, इनलाइन फिल्टर, फोमचा एअर फिल्टर आणि त्याचं तेल
- कार्ब (कार्ब्युरेटर) आणि बॅकप्लेटचे (इंजिनच्या मागच्या झाकणाचे) ओ-रिंग किंवा गॅस्केट. नागदेवी स्ट्रीटवर जुना नग दाखवून मापाचा ओ-रिंग मिळू शकतो, पण 'मिथेनॉल लागणार आहे, गरम होणार आहे' हे दुकानदाराला आधी सांगा.
- जुना टूथब्रश, बादली, वही आणि पेन
- इंजिनचं मॅन्युअल. जुन्या गाडीबरोबर मिळत नाही, कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा सापडतं.

फ्युएल ट्यूबच्या जागी बाइकची पेट्रोलची नळी लावू नका, ती कडक होते आणि तोंडाशी सुटते. आणि प्रत्येक नवा माणूस एकदा तरी विचारतो म्हणून: नाही, यात पेट्रोल चालत नाही.

१. खरंच तापतंय का, ते मोजा

"हात लावला तर भाजलं" हे मोजमाप नाही. ही इंजिनं गरमच चालायला बनवली आहेत. पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) पितळेची आणि आतून क्रोमचा मुलामा. ही स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. गरम झाल्यावर ती फाकते आणि पिस्टनला नीट जागा मिळते. म्हणून फार थंड चालवलेलं इंजिनही झिजतं.

गन प्लगच्या वरून, हेडच्या खोबणीत सरळ खाली धरा, आणि दर वेळी तेवढ्याच अंतरावरून. चकचकीत ॲल्युमिनियमवर गन खोटं बोलते, आकडा खराहून बराच कमी दाखवते. तीन-चार फेऱ्या पूर्ण दमाने मारा, गाडी जवळ आणा आणि लगेच मोजा. बहुतेक गाड्यांच्या इंजिनांना १०० ते १२५ अंश सेल्सिअस मानवतं. १३५ च्या पुढे गेलं की गाडी बंद करा.

गन नसेल तर हेडवर प्लगजवळ पाण्याचा एक थेंब सोडा. तीन ते पाच सेकंदांत उकळून गेला तर ठीक. टेकताक्षणी चर्र करून उडाला तर जास्त तापलंय. अंदाजापुरती ही युक्ती बरी, पण आमच्याकडे एकाने थेंबाऐवजी अर्धी बाटली ओतली. गरम हेडवर असं पाणी कधीच ओतू नका, धातू वाकतो.

२. हेडपर्यंत वारा पोचतोय का?

नव्या शेलवर (गाडीच्या वरच्या बॉडीवर) मन लावून रंगकाम केलेलं असतं, आणि समोरची काच कापायला जीव धजत नाही. कापा. वारा आत यायला पुढची काच आणि बाहेर जायला मागची किंवा बाजूची खिडकी, दोन्ही हव्यात. आत येणाऱ्या वाऱ्याला बाहेरची वाट नसेल तर तो हेडवरून वाहतच नाही.

मग हेडच्या फिन बघा. तेल आणि लाल माती मिळून त्यात थर बसतो तो टूथब्रशने काढा. पावसाळ्यानंतर मैदानात गुडघाभर गवत असतं, त्यात गाडी पळवली तर इंजिनवर ताणही येतो आणि वाराही अडतो. जुहू, गिरगाव चौपाटीचा मोह टाळा. भुसभुशीत वाळूत इंजिन बैलासारखं ओढतं, आणि एअर फिल्टरमधून निसटलेला एक कण स्लीव्हवर ओरखडा काढायला पुरतो.

३. इंजिन बंद ठेवून गाडी ढकला

सपाट फरशीवर गाडी हाताने लोटा. ती मोकळी घरंगळली पाहिजे. अडखळत असेल तर हे बघा:

ब्रेक. थ्रॉटल न्यूट्रलला असताना पॅड डिस्कला घासत असतील तर इंजिन दिवसभर ब्रेक लावून पळतंय. रिमोटवरचा थ्रॉटल ट्रिम चुकून सरकला तरी असं होतं. माझ्या पुतण्याने एकदा "हे बटन कशाचं?" म्हणून तो सरकवून ठेवला होता.

गिअर मेश. क्लच बेल (क्लचवरचा छोटा गिअर) आणि त्याला लागणाऱ्या मोठ्या स्पर गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून फिरवा. कागद दुमडून बाहेर आला, पण फाटला नाही, तर अंतर बरोबर.

क्लच. घसरणारा क्लच भयंकर गरम होतो आणि ती उष्णता क्रँकमधून इंजिनात चढते. क्लच बेल निळसर-जांभळी पडली असेल तर संशय तिथेच. बेलचे बेअरिंगही फिरवून बघा.

४. हवेची गळती: माझे चार महिने इथे गेले

नीडल फ्युएल मोजून देते. पण इंजिनात दुसऱ्या भोकातून हवा घुसत असेल, किंवा टाकीतून फ्युएल पुरेशा दाबाने येतच नसेल, तर नीडल कितीही फिरवा, हिशोब जुळत नाही. ओळखायची खूण: आज जमलेलं ट्यूनिंग उद्या जमत नाही, आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनचा वेग) आपोआप वरखाली होतो, थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली येत नाही, वर लटकून राहतो.

टाकीपासून सुरुवात करा. या गाड्यांत एक्झॉस्ट पाइपमधून एक बारीक नळी टाकीत जाते, तिच्या दाबाने फ्युएल कार्बकडे ढकललं जातं. टाकी गळत असेल तर दाब टिकत नाही. भरलेल्या टाकीवर हे कळत नाही. पातळी खाली गेली की मिश्रण लीन होतं आणि इंजिन तापतं. माझ्या गाडीचं "पहिली अर्धी टाकी मख्खन" यावर मी त्याच दिवशी थांबून विचार करायला हवा होता.

चाचणी अशी. टाकी रिकामी करा, आतून कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा. एक नळी बंद करा, दुसरी नळी लांब घ्या आणि टाकी बादलीत बुडवा. लांब नळीतून हलकेच हवा भरा. तोंडाने फुंकू नका, आत मिथेनॉलचा अंश राहतो. मेडिकलमधली सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. मी सिरिंज दाबली, तेव्हा आधी काहीच झालं नाही. मग झाकणाच्या बिजागरीच्या बाजूने राईएवढे बुडबुडे, एकामागे एक, शिस्तीत वर यायला लागले. झाकणाखालचा रबरी ओ-रिंग एका जागी चपटा झाला होता. नखाने उचलला तर तिथे चीर. पाच प्लग जाळून झाले होते त्या चिरेपायी.

टाकी निर्दोष निघाली तर या क्रमाने पुढे जा:

- फ्युएल ट्यूब जिथे वळते किंवा झिपटायखालून जाते तिथे वाकवून बघा. सुईच्या टोकाएवढं भोक सरळ नळीत दिसत नाही.
- इनलाइन फिल्टर आणि टाकीतला फिल्टर. कचरा अडकला तरी परिणाम तोच, फ्युएल कमी.
- एक्झॉस्टचा जोड. सिलिकॉन कपलर जळून चिरला तर दाब तिथूनच जातो.
- कार्बच्या मानेचा ओ-रिंग आणि मागची बॅकप्लेट. इंजिन बाहेरून कोरडं पुसा, एक टाकी चालवा आणि बघा. जिथे तेलाची ओली रेघ आणि त्यावर धूळ चिकटते, तिथे गळती.
- फ्लायव्हीलच्या मागे सतत तेल उडत असेल तर पुढचं बेअरिंग.

कार्बच्या मानेला गॅरेजवाले वापरतात तसा उष्णता सोसणारा सिलिकॉन लावता येतो, पण अगदी पातळ. जाड लावलेला थर आत पडला की नवीन दुखणं.

५. फ्युएल

मिथेनॉल हवेतला ओलावा पितं, आणि मुंबईत ओलाव्याची कमी नाही. जूनमध्ये उघडलेला आणि अर्धा उरलेला कॅन सप्टेंबरमध्ये वापराल तर इंजिन कधी रिच कधी लीन वागेल, आणि तुम्ही विनाकारण नीडलवर संशय घ्याल. शंका आली की नव्या कॅनमधलं फ्युएल घालून बघा. झाकण घट्ट, कॅन सावलीत आणि शक्यतो भरलेला. लहान कॅन महाग पडतात, तरी पावसाळ्यात मी तेच घेतो.

गाडीच्या इंजिनला गाडीचंच फ्युएल, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नायट्रोच्या टक्क्याचं. घरी फ्युएल बनवायचा विचार नको. तेलाचं प्रमाण चुकलं तर इंजिन गेलं, आणि सुटं मिथेनॉल मिळवणं हा वेगळाच धोका. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने १०० हून जास्त माणसं गेली. हे विष आहे, डोळे जातात. म्हणून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत फ्युएल कधीही ओतून ठेवू नका, घरात मुलं असोत वा नसोत. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे फ्युएल भरताना सिगारेटवाल्या मित्राला लांब उभं करा. आणि कॅन घेऊन लोकलमध्ये चढू नका, ज्वलनशील माल न्यायला रेल्वेत मनाई आहे.

६. ग्लो प्लग काढून वाचा

तार सरळ, चकचकीत, ओलसर असेल तर मिश्रण ठीक किंवा थोडं रिच. तार राखाडी, वेडीवाकडी किंवा तुटलेली असेल तर लीन आणि गरम. प्लग हॉट, मीडियम, कोल्ड अशा प्रकारांत येतात. मोठं इंजिन, जास्त नायट्रो आणि आपला ऑक्टोबर या तिन्हीसाठी कल कोल्डकडे ठेवा. पण मॅन्युअलमधल्या प्लगपासून एकाच पायरीने बदला. प्लगच्या वॉशरला विसरू नका, आणि हेडखालच्या शिम (पातळ चकत्या) मागच्या मालकाने काढल्या आहेत का तेही बघा. शिम कमी म्हणजे कॉम्प्रेशन जास्त, म्हणजे उष्णता जास्त.

७. आता नीडल

आधी नीडल मॅन्युअलमधल्या कंपनी सेटिंगवर आणा. बंद करताना अलगद, दाबून घट्ट केली तर नीडलचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की लीन, उलट फिरवलं की रिच. स्क्रूच्या खाचेला घड्याळाचा काटा समजा आणि एका वेळी तासाच्या एकाच खुणेएवढं फिरवा, बारावरून अकरावर. प्रत्येक बदल वहीत.

क्रम: पहिली हाय स्पीड नीडल (पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण), मग लो स्पीड (आयडलचं आणि गाडी उठतानाचं मिश्रण), मग आयडल स्क्रू, आणि परत एकदा हाय स्पीड.

इंजिन गरम करून घ्या. सरळ पट्ट्यात पूर्ण थ्रॉटलला धुराची बारीक निळसर रेघ मागे राहिली पाहिजे. धूर नाही आणि शेवटाला गाडी मरगळते, तर एक खूण रिच. मग दोन फेऱ्या, तापमान, नोंद. मगच पुढचा बदल.

लो स्पीडसाठी आयडलवर असताना कार्बजवळ फ्युएल ट्यूब चिमटीत दाबा. आरपीएम किंचित वाढून तीन-चार सेकंदांत इंजिन बंद पडलं तर बरोबर. लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ चढत राहिलं तर रिच.

इथला सापळा नीट समजून घ्या. लो स्पीड फार रिच असेल तर गाडी उठताना गुदमरते. नवा माणूस तो गुदमर घालवायला हाय स्पीड लीन करतो. गाडी झकास उठते, आणि सरळ पट्ट्यात इंजिन भाजतं. गाडी उठत नाही म्हणून हाय स्पीडला हात लावू नका.

दुसरा सापळा: गाडी डब्यावर ठेवून, चाकं हवेत, पूर्ण थ्रॉटल. बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये सगळे हेच करतात, कारण जागा नाही. ओझ्याशिवाय ट्यून केलेलं इंजिन मैदानात लीन निघतं, आणि कनेक्टिंग रॉड तुटायची भीती वेगळी. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी काका खाली येतात. शिवाजी पार्कचा तर विचारही नको, ते २०१० पासून शांतता क्षेत्र आहे. मी पहाटे उठून नवी मुंबईकडच्या मोकळ्या मैदानावर जातो, तेही तिथे क्रिकेट सुरू व्हायच्या आत.

८. लोणावळ्याहून परत आल्यावर

हे कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहितोय. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. तिथे हवा विरळ, तेच सेटिंग रिच वाटतं, म्हणून आपण नीडल लीन करतो आणि गाडी मस्त पळते. घाट उतरून मुंबईत आलो की हवा परत दाट, ऑक्सिजन जास्त, आणि तेच सेटिंग आता धोकादायक लीन. पुण्यात ट्यून केलेली गाडी इथे आणणाऱ्यांचंही हेच होतं. घाट उतरलात की कंपनी सेटिंगवर परत या.

थंडीतही तसंच. डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सुक्या, गार सकाळी हवा दाट असते. ऑक्टोबरच्या दमट दुपारी बसवलेली नीडल तेव्हा लीन पडते. "आज तर गार आहे, इंजिन कसं तापेल?" म्हणत मी एक प्लग असाच घालवला. सकाळी नीडल एक-दोन खुणा रिच करून सुरुवात करा.

९. तापून बंद पडलंच तर

लगेच परत सुरू करू नका. शेल काढा, सावलीत ठेवा, फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन खाली आणा, म्हणजे गार होताना स्लीव्ह त्याला आवळणार नाही. चालू इंजिन हाताबाहेर गेलं असेल तर फ्युएल ट्यूब चिमटीत धरा किंवा एक्झॉस्टचं तोंड जाड फडक्याने दाबा. बोटाने नाही.

दिवस संपला की टाकी रिकामी करा, नळीत उरलेलं फ्युएल इंजिन चालवून जाळून टाका, प्लग काढून आफ्टर-रन ऑइलचे (गाडी चालवून झाल्यावर घालायच्या, गंज टाळणाऱ्या तेलाचे) चार-पाच थेंब घाला आणि फ्लायव्हील फिरवा. आपल्या हवेत हे टाळलं तर आठवड्यात बेअरिंगला गंज धरतो, आणि खरखरणारं बेअरिंग पुन्हा उष्णताच देतं.

आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर एक शेवटची परीक्षा. प्लग काढून फ्लायव्हील हळूच फिरवा. पिस्टन वरच्या टोकाला पोचताना अडखळला पाहिजे, नव्या इंजिनात तर चांगलाच. तिथून लोण्यासारखा सरकून गेला, तर स्लीव्ह आणि पिस्टन झिजलेत. असं इंजिन गरम झालं की बंद पडतं, गार झालं की सुरू होतं, आणि कोणत्याही नीडलला ऐकत नाही. तेव्हा पिस्टन-स्लीव्हचा सेट बदला. जुनी गाडी विकत घ्यायला गेलात तर पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यासमोर हीच परीक्षा करा, तो कितीही "मख्खन" म्हणाला तरी.